शोभनाताईंचा बसलेला घसा

इंदूरच्या तुकोगंजातल्या दवाखान्यांच्या गल्लीत शोभनाताईंची पोह्यांची गाडी होती, आणि गाडीपेक्षा त्यांचा आवाज जास्त प्रसिद्ध होता. देवानं बायकोला मन मोठं दिलं ते ठीक. पण गळाही तेवढाच मोठा कशाला दिला, हे त्यांच्या नवऱ्याला, पंढरीनाथांना लग्न झाल्यापासून उमगलं नव्हतं.

ताईंनी गाडीला एक फळी ठोकली. गिऱ्हाइकानं जादा प्लेटचे पैसे द्यायचे, ताईंनी खिळ्याला टोकन अडकवायचं. उपाशी माणसानं ते काढून द्यायचं आणि पोहे खायचे. इंदूरचं गिऱ्हाईक दिलदार, फळी बघता बघता भरली. पण टोकन घ्यायला कोणी येईना. कसं येणार? कोणी हात लावला रे लावला, की ताई आनंदानं गल्ली दणाणून सोडत, "आओ भिया, लाजू नका, फुकट आहे!" बिचारा माणूस टोकन तिथंच सोडून पळायचा.

बेटमा गावाहून आलेल्या गंगूबाईही अशाच पळाल्या. नवरा दवाखान्यात, जवळचं सगळं औषधांत गेलेलं. समोरच्या ओट्यावर बसून बाई नुसतं पाणी पीत होत्या. ताईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसून ते दाखवलं.

"तू गप्प बसलीस तर त्या खातील," पंढरीनाथ म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ताईंनी तोंडाला कुलूप लावलं. काय ते हाल! झारा हलवून, भुवया उडवून त्या गिऱ्हाइकांशी बोलू लागल्या. गल्लीत बातमी पसरली, ताईंचा घसा बसला. कोणी चघळायला मुलेठी आणली, कोणी हळदीचं दूध, आणि समोरच्या डॉक्टरांनी तर टॉर्च घेऊन आ करायला लावलं. ताईंनी इमानदारीत आ केला.

ओट्यावरून हे बघून गंगूबाईंना राहवेना. पदर खोचून त्या गाडीशी आल्या, म्हणाल्या की तुम्ही आराम करा ताई, हाका मी मारते. आणि मारल्या की! दवाखान्याच्या खिडक्या उघडल्या, गिऱ्हाइकांची रांग लागली. ताई तोंडावर हात दाबून हसू आवरत उभ्या.

गर्दी ओसरल्यावर गंगूबाईंनी इकडेतिकडे न बघता फळीवरचं एक टोकन काढलं आणि ताईंच्या हातात ठेवलं.

"लो ताई," त्या म्हणाल्या, "आता मला भूक लागली."

ताईंना केवढं तरी बोलायचं होतं. त्यांनी प्लेट भरली, वर मूठभर शेव टाकली, पाठ फिरवून डोळे पुसले. गंगूबाईंनी दुसरी प्लेट मागितली, तेव्हाही त्या गप्पच होत्या.