अमेरिकेतली भांडणे, अवोन्डेलचे गॅरेज

मी यशवंत रामचंद्र खांबेटे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शिक्षण मॅट्रिक, पुढचे सारे इंग्रजी मी स्वतःच्या हिमतीवर आणि एका जाडजूड शब्दकोशाच्या आधारे वाचले. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे कोणी "खांबेटे, आपण कोणत्या कॉलेजचे?" असे विचारणार नाही.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. भाजीच्या पिशव्यांसारखे ते साठत जातात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी. आणि एक दिवस कपाट उघडावे तर सगळ्या अंगावर येतात. आमच्या मंडळाचे तसेच झाले आहे.

मंडळ म्हणजे आम्ही चौघे. मुलांकडे न्यूझीलंडात, ऑकलंडला येऊन राहिलेले आईबाप. रविवारी सकाळी अवोन्डेलच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घ्यायची आणि तिथून शालिनीताई कर्व्यांच्या मुलाच्या गॅरेजमध्ये जमायचे. गाडी बाहेर, आम्ही आत. वाचायचे काय, हे मी ठरवले: अमेरिकन कादंबऱ्या आणि नाटके. इंग्रजी साहित्य म्हटले की जो तो विलायतेकडे धावतो. अमेरिकेकडे आमच्या पिढीने केवळ मुले पाठवली, लक्ष दिले नाही.

नियम दोनच. एक, पात्रांना पात्रेच समजावे, नातेवाईक समजू नये. दोन, पुस्तकावर भाजी ठेवू नये. दुसरा नियम अजून पाळला जातो.

शालिनीताई आणि मी झालो. तिसरे नाडकर्णी, जे डोळे मिटून ऐकतात. चौथे अण्णा परचुरे, पुण्याचे निवृत्त मुख्याध्यापक. अण्णांची लेक वृंदा दूर पामर्स्टन नॉर्थ या गावी राहते. तिने हेमी नावाच्या माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतल्या, तरुणाशी लग्न केले. अण्णा लग्नाला गेले नाहीत, त्यानंतर लेकीशी बोलले नाहीत, जावयाचा फोटोसुद्धा त्यांनी पाहिला नाही. येत्या मार्चमध्ये ते कायमचे पुण्याला परतणार होते. हे सारे आम्हा तिघांना ठाऊक होते, आणि आम्हाला ठाऊक आहे हे अण्णांना ठाऊक होते. गॅरेजमध्ये तो विषय निघत नसे. अमेरिकन घरांतल्या बंद दारांविषयी मात्र आम्ही दर रविवारी दोन-दोन तास बोलत असू.

* * *

एकदा मी एक नाटक वाचून दाखवत होतो. एकच दिवाणखाना, एकच कुटुंब. बाप पितो आहे, आई जुनी मढी उकरते आहे, थोरला मुलगा माझ्या आयुष्याचे वाटोळे तुम्ही केले म्हणून ओरडतो आहे. घसा बसेपर्यंत वाचले. मग पुस्तक मिटून मी गंभीरपणे विचारले, "नाडकर्णी, आपले मत?"

नाडकर्ण्यांनी डोळे उघडले. "दुपारपासून सगळे नुसते पीत बसलेत. त्या घरात कुणी कुकर लावला होता का?"

मी म्हणालो, "नाडकर्णी, ही मानवी आत्म्याची शोकांतिका आहे."

"असेल हो. पण वेळेवर दोन घास पोटात गेले असते, तर प्रकरण दुसऱ्या अंकापर्यंत गेलंच नसतं!"

त्यानंतर मी अनेक अमेरिकन नाटके या दृष्टीने तपासून पाहिली. आक्षेप खोडून काढता येत नाही, हे खेदाने नमूद करतो.

* * *

पहिला नियम शालिनीताईंनी कसा मोडला, तेही सांगितले पाहिजे.

कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, आम्ही दोघे दुधासाठी रांगेत उभे होतो. आदल्या रविवारच्या कादंबरीने शालिनीताईंच्या डोक्यात घर केले होते. त्या आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थोरल्यानं बापाला फसवलं हो! धाकटा दारूत बुडालाय. आणि आई? सगळं ठाऊक असून गप्प!"

आमच्या मागे एक मराठी बाई उभ्या होत्या, हे आम्हाला नंतर कळले.

पुढच्या रविवारी गॅरेजच्या दारात दोन अनोळखी सुना. एकीच्या हातात पुलावाचा भला मोठा डबा. "काका, त्या फॅमिलीचा अ‍ॅड्रेस द्या. आम्ही ग्रुपवर टाकलंय. हीप्स ऑफ लोक मदतीला तयार आहेत!"

मी त्यांना शांतपणे सांगितले की ही मंडळी काल्पनिक आहेत.

"काका, लपवू नका. अशा वेळी आपल्या लोकांच्या पाठीशी आपण नाही उभं राहायचं तर कुणी?"

मी पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखवले. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. अखेर शालिनीताई उठल्या आणि डबा ताब्यात घेत म्हणाल्या, "उपयोग नाही गं बायांनो. शेवटच्या पानावर घर विकतात."

पुलाव उत्तम होता.

* * *

माझ्यावरचा किस्साही सांगतो, नाहीतर पक्षपाताचा आरोप यायचा.

नाट्यवाचनात अण्णा एका मरणासन्न म्हाताऱ्याचे काम वाचत होते. म्हातारा लेकाची क्षमा मागतो आहे, आवाज फुटत नाही, असा प्रसंग. अण्णांनी त्यात एका शब्दाचा उच्चार चुकवला. मी थांबवले. शब्दकोश उघडून शुद्ध उच्चार सांगितला. अण्णा म्हणाले की पुण्यात सारी हयात ते हाच उच्चार शिकवत आले. मी म्हणालो, त्या विद्यार्थ्यांविषयी मला सहानुभूती आहे. वाद चांगला अर्धा तास चालला.

शेवटी शालिनीताईंनी हात जोडले. "खांबेटे, त्या म्हाताऱ्याला आधी मरू द्या हो. उच्चार तो वरती जाऊन सुधारेल!"

* * *

अपराधी भावना हा या साहित्याचा प्राण आहे. एका कादंबरीत आई दोन मुलांपैकी एकावर अधिक माया करते, आणि ते शल्य साऱ्या घराला पिढीभर पोखरत राहते. यावर मी एक छोटेखानी व्याख्यान तयार केले होते.

शालिनीताईंनी ते मध्येच तोडले. "किती पानं आहेत?"

"चारशेच्या वर."

"अपराधी वाटायला यांना चारशे पानं लागतात? मी आमच्या सुनेला नुसतं म्हणते, 'असू दे गं, मी कालचा भात खाईन.' संध्याकाळपर्यंत घरात कुणी मान वर करत नाही!"

त्या दिवशी व्याख्यान झाले नाही.

* * *

मग ती दक्षिणेकडची कादंबरी आली. एका गोऱ्या घरातली मुलगी काळ्या शिक्षकाशी लग्न करते आणि सारे गाव त्या दोघांवर बहिष्कार घालते. अण्णा त्या रविवारी पेटले होते. नेहमीप्रमाणे कानटोपी मांडीवर दोनदा आपटून, घसा खाकरून उभे राहिले आणि बोलले. "रंग पाहून माणूस तोलायचा? जन्म काय त्याने अर्ज करून घेतला? आणि तो बाप! स्वतःला सुसंस्कृत म्हणवतो, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, आणि पोटच्या पोरीला ओळख देत नाही! अशा माणसाला मी माझ्या शाळेत शिपाई म्हणून ठेवलं नसतं!"

भाषण खरोखर उत्तम होते. मी पायाजवळच्या कोथिंबिरीकडे पाहत राहिलो. नाडकर्णी डोळे मिटून होते, परंतु झोपलेले नव्हते.

शालिनीताईंनी मफलर सारखा केला. "अण्णा, पामर्स्टन नॉर्थला पाऊस आहे का हो आज?"

"मला काय ठाऊक?"

"नाही, म्हटलं, वारा तिकडचा असेल तर भाषण पोचलं असेल."

अण्णा खाली बसले. म्हणाले, "ती गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रश्न पद्धतीचा आहे. विचारायची एक पद्धत असते."

"अगदी खरं," शालिनीताई म्हणाल्या. "त्या कादंबरीतला बापही तेच म्हणतो. पान काढून देऊ?"

* * *

आता शेवटचा किस्सा.

ऑक्टोबरात शालिनीताईंनी जाहीर केले की पामर्स्टन नॉर्थला काही हौशी मंडळी अमेरिकन नाटक करत आहेत, आणि आपण ते पाहिलेच पाहिजे. "वाचून वाचून डोळे गेले. एकदा जिवंत माणसं भांडताना बघू!"

अण्णा म्हणाले, "तिकडे नाही."

"का हो? गाव काही तुमच्या जावयाच्या मालकीचं नाही."

गॅरेजमध्ये 'जावई' हा शब्द प्रथमच उच्चारला गेला. मी तत्काळ शब्दकोशात एक शब्द शोधू लागलो. कोणता, ते आठवत नाही.

शेवटी अण्णा म्हणाले, "नाटक पाहीन. कुणाच्या घरी जाणार नाही."

"बोलावतंय कोण!"

शालिनीताईंच्या मुलाने गाडीतून नेले. रात्री मोटेलमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग. छोटासा हॉल, घडीच्या खुर्च्या, दारात 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून हसणाऱ्या बाई. त्यांनी दिलेली कार्यक्रमपत्रिका शालिनीताईंनी आमच्या सगळ्यांच्या हातून काढून पर्समध्ये टाकली. "अंधारात वाचू नका, डोळ्यांना त्रास."

नाटकातला बाप एका लहान गावातला म्हातारा होता. लेकीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केले आहे, आणि आज ती नवऱ्याला घेऊन येणार आहे. नट उंचापुरा, केसांना पांढरी पावडर, पोटाला उशी. तो आला, खुर्चीत बसला, वर्तमानपत्राची घडी केली, घडी मांडीवर दोनदा आपटली आणि घसा खाकरला. मग म्हणाला की या विषयावर मला काहीही बोलायचे नाही. आणि पुढे दहा मिनिटे थांबला नाही.

मी ताठ बसलो.

मग त्याने चष्मा काढला आणि छताकडे पाहिले, जणू काही सगळी चूक तिथे वर कुठेतरी अडकली आहे. शालिनीताईंनी मफलर तोंडात कोंबला.

नाडकर्ण्यांनी डोळे उघडले. रंगमंचाकडे पाहिले. शेजारी अण्णांकडे पाहिले. पुन्हा रंगमंचाकडे पाहिले. "अण्णा, तुम्ही तिकडे कधी गेलात?"

"गप्प बसा हो," अण्णा म्हणाले. "नट चांगला आहे."

दुसऱ्या अंकात लेक दार वाजवते. म्हातारा आतून दाराशी येतो, कडीवर हात ठेवतो, आणि तसाच उभा राहतो. लेक हाका मारते आहे. आणि हॉलमधल्या अंधारात अण्णा म्हणाले, "उघड की, गाढवा!"

मराठीत. मोठ्याने. रंगमंचावरच्या म्हाताऱ्याने किंचित मान वर केल्यासारखे मला वाटले. दार मात्र त्याने उघडले नाही; संहितेत तसे नव्हते.

प्रयोग संपला तेव्हा अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "याला भेटलंच पाहिजे! काय चीड आणली माणसानं!" आणि ते तडक रंगमंचामागे निघाले. आम्ही मागोमाग. शालिनीताई दिवसभरात पहिल्यांदाच काही बोलत नव्हत्या.

नट आरशासमोर बसून केसांतली पावडर पुसत होता. जवळून पाहिले तर तिशीचा तरुण, सावळा, रुंद खांद्यांचा. अण्णांनी हात पुढे केला आणि मुख्याध्यापकी इंग्रजीत म्हणाले, "असा हेकट म्हातारा मी जन्मात पाहिला नाही. तरीही तो फार ओळखीचा वाटला. हे आपण कसे साधले?"

तरुण उठून उभा राहिला. त्याने हात पँटला पुसले.

"नमस्कार, बाबा," तो मराठीत म्हणाला. मग इंग्रजीत, "वृंदाने शिकवलं. रोज घरी तुम्ही होऊन दाखवायची."

कपड्यांच्या स्टँडमागे वृंदा उभी होती. म्हाताऱ्याचा कोट तिच्या हातात होता.

अण्णांनी हातातली कानटोपी दुमडली, मांडीवर दोनदा आपटली, घसा खाकरला. ते चष्म्याला हात लावणार, तोच थांबले.

"चष्मा मी डाव्या हातानं काढतो," ते वृंदाला म्हणाले. "यानं उजव्यानं काढला. एवढं सगळं शिकवलंस, तेवढंच राहिलं?"

"राहिलं, बाबा."

अण्णांनी डाव्या हाताने स्वतःचा चष्मा काढला आणि हेमीपुढे धरला.

"हं. घाल. आणि कर पुन्हा."

मार्चमध्ये अण्णा पुण्याला गेले नाहीत. महिन्यातला एक रविवार आता गॅरेजमध्ये आम्ही तिघेच असतो.