केरूची पिवळी बत्ती

भांडण हातखंब्याच्या नाक्यावर झालं आणि येसूबाईनं ते पिकअपच्या केबिनमध्ये बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. काच खाली होती, आणि कानांना काही झाकण नसतं.

एकीकडे तिचा नवरा केरू, बंदरावरून माशांची खोकी घाटावर पोचवणारा. दुसरीकडे गाड्यांचं वायरिंग करणारा अहमद, केरूचा जुना दोस्त.

"धुक्याचे पिवळे दिवे हेडलाइटलाच जोडून टाक," केरू सांगत होता. "एक बटण दाबलं की सगळे लागले पाहिजेत."

केरू विसराळू. चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधणारा. घाटात धुकं आलं की पिवळ्या दिव्यांचं बटण राहून जायचं आणि समोरचे ड्रायव्हर आईबापापर्यंत पोचायचे. पण विसरतो म्हणून कबूल करील तर तो केरू कसला!

"वेगळंच असू दे," अहमद म्हणाला. "हेडलाइट मालवलास की हेही मालवतील."

"धुक्यात मी कशाला मालवीन?"

"मग म्हाताऱ्याला नमस्कार काय मी करतो?"

घाटाच्या वरच्या वळणावर एक शेंदूर लावलेला दगड आहे. ड्रायव्हर लोक त्याला म्हातारा म्हणतात. हात स्टिअरिंगवर, तेव्हा नमस्कार दिव्यानंच करायचा: हेडलाइट एकदा मालवायचा, पुन्हा लावायचा. कितीही घाई असो, केरूनं हे कधी चुकवलं नाही. बाकी सगळं विसरेल, हे नाही.

केरू तापला. "आमच्या देवाचं तू मला शिकवू नको!"

अहमदच्या हातातली काळी टेप तशीच लोंबत राहिली. "देवाला कोण शिकवतंय? तुला शिकवतोय, गाढवा." एवढं बोलून त्यानं सांगितलं तसं जोडून दिलं. केबिनमध्ये येसूबाईची मान खाली गेली. असलं बोलणं त्या दोघांत कधी आलं नव्हतं.

मग श्रावणात, भर दुपारी, घाट दुधात बुडवल्यासारखा झालेला. केरू म्हाताऱ्यापाशी आला आणि सवयीनं हेडलाइट मालवला. पिवळे दिवेही गेले. वरून उतरणाऱ्या जीपवाल्याला समोर गाडी आहे हे दिसलंच नाही. जीपचा नुसता आरसा गेला, पण पिकअपची एक बाजू सोलून निघाली, बांगडे गटारात वाहिले आणि केरूचा हात मोडला.

केरूचा राग म्हणजे फणसाचा चीक. लागला की सुटत नाही, आणि आपल्या हाताला लागलेला तो दुसऱ्याच्या सदऱ्याला पुसणार. हात गळ्यात बांधून तो रोज नाक्यावरच्या चहावाल्याकडे बसायचा. "अहमदच्या वायरिंगनं मारलं असतं मला. मुद्दाम केलंन की काय, कोण जाणे!"

त्या 'की काय'नं अहमदचं दुकान बसवलं. गाड्या त्याच्या दारावरून पुढे जायला लागल्या. बाजारात त्याच्या बायकोनं, हफीजानं, येसूबाईला बघितलं आणि न बोलता पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वाट बदलली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

येसूबाईचा राग कोकमाच्या आगळासारखा. बाटलीत जितका मुरेल तितका कडक. त्या दिवशी बूच उडालं. ती तडक नाक्यावर गेली.

"काय गो, तू इथं?" केरू म्हणाला.

"सांगा, पुन्हा सांगा अहमदभाईंनी काय केलं ते. मीपण ऐकते."

"येसू, घरी जा."

"जाते. भाकरी थापायला मीच हाय. पण ऐका रे सगळ्यांनी! तो माणूस यांना सांगत होता, बटण वेगळं ठेव, म्हाताऱ्यापाशी अंधार होईल. मी गाडीत बसून ऐकलंय. यांनी त्याला काय उत्तर दिलं, तेही सांगू?"

केरूनं कप खाली ठेवला. "नको," तो म्हणाला.

चहावाल्यानं तेवढ्यात विचारलं, "वहिनी, तुम्हाला अर्धा की फुल?" एक जण फिस्सकन हसला. केरू उठून निघून गेला.

हात बरा झाल्यावर त्यानं गाडी अहमदच्या दारात लावली. "बटण वेगळं कर."

"कुणाच्या देवाचं?"

"माझ्या कर्माचं!"

घरी येऊन केरू म्हणाला, "नेली गाडी त्याच्याकडे. सगळ्या नाक्यानं बघितलं."

"बघितलं. ऐकलं नाय."

दुसऱ्या दिवशी केरू नाक्यावर मधोमध उभा राहिला आणि शिव्या द्याव्यात तसा ओरडला, "अहमदचं बरोबर होतं! बोललो ते खोटं! चूक माझी! झालं समाधान?" अहमदनं दुकानातून ओरडून विचारलं, "काय? ऐकू नाय आलं!" केरूला ते पुन्हा ओरडावं लागलं. गाड्या हळूहळू परतल्या. हफीजा मात्र पुढचा शिमगा होईपर्यंत बोलली नाही, आणि येसूबाईला ते रास्तच वाटलं.

त्यानंतर दर पावसाळ्याच्या तोंडाला केरू आधी अहमदकडे जायचा. दिवे तपासायचे, भांडायचं, मग घाट.

गेल्या श्रावणात लेकीकडे जायचं म्हणून येसूबाई गाडीत बसली. पुढच्या आठवड्यात ताप केरूला घेऊन गेला, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक? म्हाताऱ्यापाशी त्यानं हेडलाइट मालवला. पिवळे दोन दिवे धुक्यात तसेच जळत राहिले.

"बघितलंस?"

"रस्ता बघा."

वर पोचले तर लख्ख ऊन. खोकी उतरवून झाली, हमाल गेले, तरी पिवळे दिवे चालूच.

"अवो, बटण!"

"दिसतंय मला!" केरू खेकसला, आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून बटण शोधायला लागला.