मामाच्या आधी कुणालाच नाही

पत्रिकांची पिशवी आईने माझ्या सायकलच्या हँडलला अडकवली आणि म्हणाली, "पहिली देवाची झाली. दुसरी मामाची. त्याच्या आधी वाटेत कुणाला द्यायची नाय. विचारलं तरी सांगायचं नाय."

तिच्या बोलण्याला कारण होतं. आदल्या वर्षी मामाने माझ्या ताईसाठी रोह्यातलं एक स्थळ आणलं होतं. वडील "विचार करून कळवतो" म्हणाले आणि त्यांनी कळवलंच नाही. ताईचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि ही बातमी मामाला रोह्याच्या बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून समजली. तेव्हापासून त्याने आमच्या पेणच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण मामाच नसेल तर ताईला हाताला धरून मांडवात आणणार कोण? आईला दुसरा भाऊ नव्हता. वडील गेले असते तर त्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून मी निघालो. रोह्याला त्याच्याच घरी राहून मी बी.कॉम. झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तो केवळ मामामुळे. मलाही त्याने 'नाही' म्हटलं, तर पुढे कुणाला पाठवायचं हे आईलाही ठाऊक नव्हतं.

कॉलेजच्या दिवसांत मी शनिवारी रोह्याहून पेणला सायकलनेच यायचो. त्या रस्त्याने मला वाढवलं असं मी आजही मानतो. वडखळच्या नाक्यावर सायकलवाला न मागता हवा मारून द्यायचा. गडब गावाजवळ मिठागरावरून परतणाऱ्या बायका हाक मारून ताक प्यायला लावायच्या. गावात शिरलं की कुणी ना कुणी "दमला असशील" म्हणायचंच. त्या दिवशी मात्र हीच ओळख मला नको होती.

गडबला व्हायचं तेच झालं. डोक्यावर रिकामी घमेली घेतलेल्या दोघी समोरून आल्या.

"अरं, पिशवीला हळद लागलीय. कुणाचं लगीन हाय?"

"त्याचंच असंल गो! बघ कसा लाजतोय."

"ताक तरी पी, नवरदेवा!"

"येताना पितो," असं म्हणून मी पायडल मारलं. मागून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. ज्यांचं ताक इतकी वर्षं प्यालो, त्यांच्यासमोरून मी तोंड चुकवून पळत होतो.

नागोठण्यात पळायला वाव नव्हता. माझ्या थोरल्या आत्याचं घर रस्त्याला लागूनच, आणि ती दारातच उभी होती. "उतर," एवढंच म्हणाली. भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी जेवत होतो आणि ती पिशवीकडे बघत होती. मी हात धुतल्यावर तिने पदर सारखा केला, डोक्यावर घेतला आणि समोर उभी राहिली. घरची बाई पत्रिका घ्यायला उभी राहते तशी.

"आत्या, मामाकडे जाऊन येतो. मग देतो."

"म्हणजे आधी तो?"

मी पिशवी उचलली.

"पोरीचं पहिलं अंगडं मी शिवलं," ती म्हणाली. "बरं. जा तू." एरवी वळणापर्यंत हात हलवणारी आत्या त्या दिवशी पाठ फिरवून आत गेली.

भिसे खिंडीत सायकल ढकलताना वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. एक घर तर दुखावून आलो होतो. आता दुसऱ्यानेही दार लावलं, तर पेणला जाऊन आईला काय सांगू, याखेरीज डोक्यात काही नव्हतं.

मामा ओट्यावर वाल निवडत बसला होता. त्याने मान वर केली, पण 'ये' म्हणाला नाही. मामीने पाणी दिलं. मी पत्रिकेवर अक्षता ठेवून पुढे केली. त्याने हात पुढे केला नाही.

"कितवी ही?"

"दुसरी. पहिली देवाची."

"वाटेत कुणाकुणाला दिलीस?"

"कुणालाच नाही."

"नागोठण्याला थांबला असशील."

"जेवलो आत्याकडे."

मामाचा सुपातला हात थांबला. "जेवलास? आणि पत्रिका?"

"नाही दिली. तुझ्या आधी कशी देणार?"

"तिच्या ताटात जेवून तिला तशीच ठेवून आलास?" त्याचा आवाज चढला. "थोरली बाई ती! आता अख्खं नागोठणं म्हणंल, मामा रुसला आणि त्यानं आत्याचा मान घालवला."

"मग रुसलंय कोण?" आतून मामी म्हणाली. "पोरानं करायचं तरी काय?"

मामाने सूप खाली ठेवलं. तो उठून आत गेला आणि मला वाटलं, संपलं. तो बाहेर आला तेव्हा अंगात सदरा होता. त्याने परसातून आपली सायकल काढली, टायर दाबून बघितला.

"ती मामीकडे दे. आणि चल."

मामीने पदर पसरून पत्रिका घेतली. 'येतो लग्नाला' असं मामा अजून म्हणालेला नव्हता. खिंडीच्या चढावर दोघेही उतरलो, तेव्हा त्याने एकच विचारलं, "मांडव घालायला कुणाला सांगितलंय?" मी सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्या 'हं'चा अर्थ विचारायची माझी छाती झाली नाही.

आत्याच्या दारात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा पायरीखालीच थांबला. माझ्याकडून पत्रिका आणि अक्षता घेऊन त्याने दोन्ही हातांनी पुढे केल्या.

"अक्का, आमच्या पोरीचं लगीन हाय. चार दिवस आधी यायचं."

आत्याने लगेच घेतली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी येईन. पण पाव्हणे, तुमचं काय? तुम्ही येणार म्हणून पेणला कुणी बोललं नाय अजून."

मामाने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"बोलवायला आलेला माणूस मांडवात नसतो व्हय?"

आत्याने पत्रिका घेऊन कपाळाला लावली. मी तिथेच पायरीवर बसलो. पाय दुखताहेत, हे सकाळपासून पहिल्यांदाच मला कळलं.