गिराम सरांची चर्चा-सहल

“आधी तिचं सांग बे. तुझं मग.”

गिराम सर ओरडत होते. मांजरसुंब्याच्या ढाब्यावरच्या बाजेवर रणजितभैया पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर सर बसले होते. त्याचा उजवा हात सरांनी असा पिरगाळून धरला होता, की अजून एक बोटभर वर सरकवला असता तर खांदा निखळून शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पिठल्याच्या ताटात पडला असता. सरांच्या पाठीवर भैयाचा एक माणूस प्लॅस्टिकची खुर्ची हाणत होता. तिसरी खुर्ची. पहिल्या दोन्हींच्या चिंध्या झाल्या होत्या. दुसरा माणूस जॅकची लोखंडी टॉमी आणायला गाडीकडं पळाला होता. सरांच्या भुवईतून रक्त निघून नाकावरून भैयाच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकत होतं. सर मात्र एखाद्या मारक्या रेड्यावर निवांत बसावं तसे बसले होते आणि त्या रेड्याला प्रश्न विचारत होते.

हे आमचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. बीडच्या आमच्या कॉलेजात ऑनर्सची सतरा जणांची तुकडी होती, तिच्या सहली आणि चर्चा ह्यांच्याकडं. सर जाऊन आता आठ महिने झाले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की सर तरुणपणी पैलवान होते आणि ती गोष्ट त्यांनी प्राध्यापक झाल्यावरही कुणाला विसरू दिली नाही. बीडच्या स्टँडवर ते शिंकले तर पाडळशिंगीला एसटीचा ड्रायव्हर ब्रेक मारायचा. त्यांनी फळ्यावर ‘लोकशाही’ लिहिलं की पलीकडच्या वर्गातल्या भिंतीचा गिलावा पडायचा. मी वाढवून सांगतोय असं वाटेल. वाटू द्या. भिंत अजून आहे, जाऊन बघा.

सरांचा नियम जन्माला आला तो अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात, आमच्या पहिल्याच सहलीला. लेण्यातल्या एका दगडी हत्तीची सोंड कुणी तोडली, यावरून आमच्याच वर्गातल्या संत्या आणि गफार यांच्यात वाद लागला. दोघांनाही इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळं दोघंही ठाम होते. बघता बघता संत्यानं गफारच्या कानाचा लचका तोडला आणि गफारनं संत्याचं डोकं त्याच हत्तीच्या पायावर असं आपटलं, की उरलेला हत्ती चार पावलं मागं सरकला. सरांनी दोन हातांत दोघांच्या मानगुटी धरल्या आणि विहिरीतून कळशा काढाव्यात तसं त्यांना वर उचललं.

“कावून मारला बे?”

“त्यो चूक बोलला, सर,” संत्या लोंबकळत म्हणाला.

“काय बोलला?”

संत्यानं हत्तीकडं बोट केलं. गफारला विचारलं, त्यानंही हत्तीकडंच.

“म्हंजी न ऐकताच रगत काढलं व्हय रे एकमेकाचं? ऐकून तर मारायचं, भाडखावहो.”

त्या दिवसापासून नियम असा, की चर्चेत समोरच्याचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो ‘हा, असंच म्हणलो मी’ असं म्हणेपर्यंत सांगायचं. मग आपलं. दुसरा नियम, चर्चा झाल्याशिवाय भाकर नाही. सहल कुठलीही असो, किल्ला, लेणी, नाटक, परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बाजा ओढून गोल करायचा, मधे रिकामी बादली ठेवायची आणि तिच्यात प्रत्येकानं आपली हत्यारं टाकायची. हत्यारं म्हणजे हातातलं कडं, बोटभर जाड बक्कलचा पट्टा आणि फोन. कडं-पट्ट्याचं कळतं, पण फोन का, असं मी एकदा विचारलं होतं.

“पट्ट्यानं एकाचं डोकं फुटतं, लेकरा,” सर म्हणाले, “आन् त्याला टाके तरी पडतेत.”

सरांची वाक्यं अशीच. ‘मत म्हंजी पोटातला वारा न्हाई बे, बसल्या जागी सोडायला.’ ‘ज्याचं तोंड लई चालतं त्याचे कान आधी तपासा.’ आम्ही उपाशीपोटी ती ऐकायचो आणि चर्चा लवकर संपावी म्हणून जीव तोडून समोरच्याचं ऐकायचो. भुकेनं माणूस किती लक्ष देऊन ऐकतो हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सरांना ठाऊक होतं.

तर त्या शनिवारी बीडला सकाळच्या खेळाला एक नाटक बघितलं होतं. नाटकातली बहीण भावाकडं वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मागते. नाटक बीडातच होतं, तरी नियम म्हणून ढाबा गाठला आणि दुपारी दीडला चर्चा सुरू झाली. पोरं म्हणाली, हिस्सा मागितला की माहेर तुटतं. पोरी खाली बघत होत्या. मग शालन बोलली. शालन आमच्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मुकी. घर मांजरसुंब्याच्या पलीकडं आठ किलोमीटरवर, वडील वारलेले, घरी आई आणि मोठा भाऊ रणजितभैया. पंचायत समितीला उभा राहायच्या तयारीत असलेला, चौकाचौकात फलकावर हात जोडून हसणारा.

“येत्या गुरुवारी माझ्याकडून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची ठरलीय,” शालन म्हणाली. “पाच एकर हाय. त्या पाच एकरातलं तण मी आठवीपासून खुरपलंय. दादा म्हणतो, गुरुवारी चल, सही कर. करतीस का, असं कुणी इचारलंच न्हाई मला.”

एवढंच. पण अशा आवाजात, की ढाब्यावरच्या तव्यावरली भाकर करपली तरी कुणी उलटली नाही.

आता माझं पाप सांगतो. माझ्याकडं दोन फोन होते. एक बादलीत, एक पायमोज्यात. शालनचं बोलणं मी गुपचूप टिपलं आणि ‘आमच्या वर्गाची वाघीण’ असं लिहून स्टेटसला ठेवलं. कौतुक म्हणून, देवाशपथ. पाऊण तासानं पांढरी गाडी धुरळा उडवत ढाब्यावर आली. भैया उतरला, कुणाशी एक शब्द न बोलता शालनची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला बाजेवरून खाली ओढलं. तिचं तोंड फरशीवर आपटलं. तो आवाज मात्र मी वाढवून सांगणार नाही. तो होता तेवढाच पुरे आहे.

“गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाईस,” भैया म्हणाला आणि लाथ मारली.

दुसरी लाथ पडायच्या आत सर मधे होते. पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे. सरांनी त्याला उचलून बाजेवर पालथा घातला, वर बसले आणि त्याच्याच माणसांच्या मारात चर्चेचा नियम लावला.

“न्ह्यायची तिला? न्हे. पर आधी ती काय म्हणली ते सांग. ती हा म्हणली की सोडतो.”

“ती म्हणती, जमीन पायजे,” भैया दातओठ खात म्हणाला.

शालन उठून बसली होती. ओठ फाटला होता, ओढणीला रक्त पुसत ती म्हणाली, “न्हाई. असं न्हाई म्हणले मी.”

सरांनी हात पिरगाळला. भैया किंचाळला. पाठीवर चौथी खुर्ची मोडली.

“ती म्हणती, भाऊ चोर हाय.”

“ते तू म्हणतूयस, दादा. मी न्हाई.”

एवढ्यात गाडीतली लोखंडी टॉमी आली. पहिला घाव सरांच्या गळ्याजवळ, हासळीच्या हाडावर बसला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा बरगड्यांवर. संत्या आणि गफारनं त्या माणसाला पायांत घेऊन पाडलं, मग दोघांनी मिळून त्याचे दात बादलीवर मोजायला सुरुवात केली. मी काय करत होतो? मी पायमोजा वर ओढत होतो. सरांचा डावा हात लोंबत होता, उजव्यानं त्यांनी पकड सोडली नव्हती.

“सांग,” सर म्हणाले. आता आवाज फार खाली गेला होता.

भैयानं बाजेच्या सुंभात खुपसलेलं तोंड बाजूला वळवलं. मग म्हणाला, “ती म्हणती, सही कर म्हणून सांगू नको. करतीस का म्हणून इचार.”

“हा,” शालन म्हणाली. “एवढंच.”

सरांनी हात सोडला आणि ते स्वतःच बाजेवरून खाली कोसळले. भैया उठला, सदरा झटकला, सरांच्या पोटात एक लाथ घातली आणि गाडीकडं निघाला. त्यानं विचारलं मात्र नाही. आणि शालन, आम्ही अडवत असताना, स्वतःहून गाडीत जाऊन बसली. “आई घरी एकटी हाय,” म्हणाली.

दवाखान्यात सरांना डोक्याला अकरा टाके, छातीला पट्टा, गळ्यात हात. मी रडत कबूल केलं, “सर, व्हिडिओ मी टाकला.”

“ठावं हाय,” सर म्हणाले. “हाणला असता तुला. हात वर होत न्हाई.”

मंगळवारी शालन आली. आईला डॉक्टरला दाखवायचं निमित्त करून पंधरा मिनिटांसाठी. एक डोळा सुजून बंद झालेला. पाठीवर वायरचे वळ होते, ते तिनं दाखवले नाहीत. ओढणी सारताना दिसले. मला वाटलं, आता सर गर्जणार आणि दवाखान्याची खिडकी फुटणार. सर म्हणाले, “पोरी, सही करून टाक.”

सर छताकडं बघत होते.

“मला मारलं तवा सतरा जण भवताली होते. तुला घरात मारतेत, एकटीला. पाच एकरापायी तुझा जीव गेल्यावर मी कुणासंग चर्चा करू? कर सही. माघार घेतली तर मान जात न्हाई, बाई. मी कित्येक कुस्त्या सोडल्यात.”

हे खोटं होतं. सरांनी एकही कुस्ती सोडलेली नव्हती. शालननं मान हलवली आणि ती गेली.

गुरुवारी सर डॉक्टरला न सांगता उठले. रजिस्ट्री ऑफिसात आम्ही उरलेले सोळा जण आणि गळ्यात हात बांधलेले सर, भिंतीला लागून उभे राहिलो. कारकुनानं विचारलं, हे काय. “शैक्षणिक सहल,” सर म्हणाले. शालन कशी येते, कशी जाते, एवढंच त्यांना बघायचं होतं. भैया चार माणसं घेऊन आला होता. शालन मधे, शेजारी आई.

रजिस्ट्रारसाहेबांनी कागदावरची नजर न काढता रोजचा प्रश्न विचारला, “स्वखुशीनं सही करताय ना? दबाव न्हाई ना कुणाचा?”

“स्वखुशीनं न्हाई,” शालन म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. भैयानं तिथंच, सरकारी टेबलासमोर, तिच्या सुजलेल्या डोळ्यावर अशी चपराक मारली की ती शिक्क्यांच्या स्टँडसकट खाली गेली. सर एका हातानं पुढं धावले आणि दुसरी चपराक त्यांच्या टाक्यांवर बसली, टाके उसवले. मग दारातल्या बाकावर बसलेला पोलीस उठला. साहेबांनी कागद पालथा घातला आणि म्हणाले, “दस्त होणार न्हाई. पुढचा कोण हाय?” भैया बाहेर पडताना उभ्या मोटारसायकलींची अख्खी रांग लाथेनं पाडून गेला.

शालन त्या दिवशी घरी गेली नाही. आईला घेऊन सिरसाळ्याला मावशीकडं राहिली, तिथून ये-जा करून ऑनर्स पूर्ण केलं. जमिनीचं प्रकरण अजून कोर्टात आहे. कॉलेजनं आमच्या सहली बंद केल्या. सर नंतर दोन वर्षं शिकवत होते, डावा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही.

पण त्या गुरुवारी ऑफिसच्या पायरीवर, रुमालानं कपाळ दाबून बसलेले सर तिला म्हणाले होते, “मी सांगितलं व्हतं ना सही कर म्हणून. ऐकलं कावून न्हाईस?”

शालन खालच्या पायरीवर बसून नाकातलं रक्त ओढणीला टिपत होती.

“ऐकलं, सर,” ती म्हणाली. “पटलं न्हाई.”