टॉवेलाखालचा सौदा

"तुमच्या सासऱ्यांची नियत मला ठीक दिसत नाही," असं मी कामाला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनींना सांगून टाकलं. काम गेलंच, असं धरून मी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

काम मिळालं होतं ते नशिबानं. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात लागला, म्हणून मी रत्नागिरीकडचं गाव सोडून इतक्या लांब आले. शाळा सातवीला सुटलेली, ओळखीचं कुणी नाही, आणि ज्वारीची भाकरी थापायला घेतली की तिचा महाराष्ट्राचा नकाशा व्हायचा. अशा बाईला या घरानं आबांची देखभाल करायला ठेवून घेतलं. वहिनी शाळेत शिकवायच्या, त्यांचे यजमान दिवसभर बाहेर. आबांना अर्धांगवायूचा झटका आलेला. उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक होता, "हट्!" माशीला हट्, मला हट्, डॉक्टरांनाही हट्.

आणि जेवण म्हटलं की दातखीळ. मी खिचडी भरवायची आणि ती त्यांच्या बनियनला पोचायची. डॉक्टर सांगून गेले होते, "सोमवारी येतो. तोवर पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." हे ऐकून आबांनी डाव्या हातानं नाक असं गच्च धरलं की तो हात सोडवायला आम्ही दोघी लागलो. त्या दिवसापासून मला स्वप्नातही नळी दिसायची.

तर आबांच्या नियतीचं असं झालं. शुक्रवारी मी आबांचा डावा हात धुतला, पुसला, वर टॉवेल टाकला. माझा हात अजून टॉवेलाखालीच होता, तेवढ्यात आबांनी माझी दोन बोटं धरून दाबली. मी हात ओढून घेतला. हसणं नाही, काही नाही. उलट बँकेच्या साहेबासारखं तोंड करून त्यांनी टॉवेलाचं टोक उचललं, पुन्हा हात घाल म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली.

हे ऐकून वहिनी हसता हसता खालीच बसल्या. "अवो बाई, आबा सौदा करून राह्यले! जन्मभर बैलबाजारात दलाली केली त्यांनी."

मग त्यांनी समजावलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. आमच्याकडे मासळीचा भाव अख्ख्या खाडीला ऐकू जातो. मला बापडीला काय ठाऊक?

"म्हणजे ती दोन बोटं?"

"दोन घास खातो म्हणत असतील. तुम्ही इचारलं का कधी त्यांला, किती खाता म्हणून?"

नव्हतं विचारलं. मी आपली चमचा पुढे करत होते.

शनिवारी मी ताट घेऊन बसले, टॉवेल टाकला, हात घातला. आबांनी लगेच दोन बोटं धरली. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "हो आबा, दोन तर दोन!" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लंगडा बैल त्यांच्या गळ्यात मारतेय. "हट्!" आणि तोंड भिंतीकडे.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "पहिल्याच बोलीला हो म्हणले? मंग त्यांला वाटणारच ना, मालात खोट है!"

रविवारी सकाळी वहिनींनी माझी शिकवणी घेतली. भरपूर मागायचं, तोंड वाकडं करायचं, आणि जमलं नाही तर सरळ उठून चालायला लागायचं.

दुपारी मी दोनदा पंजा दाबला. दहा. आबांनी माझा हात झटकला आणि एक बोट धरलं. "एवढ्यात उंदीर तरी जेवतो का?" असं म्हणून मी आठावर आले. ते दोनावर. मी सातावर. ते दोनावरच. मग मी ताट उचललं आणि दाराकडे निघाले. यांनी हाक मारलीच नाही तर? माझ्या नाटकापायी माणूस उपाशी राहायचा आणि वर नळी!

उंबऱ्यापाशी पोचले तोच मागून खाटेवर थाप पडली. "हट्!" हे हट् वेगळं होतं, बोलावणारं.

सहावर पटला सौदा. आबांनी सहा घास खाल्ले. सहावा मी लबाडीनं जरा मोठा भरला, तर त्यांनी बोटानं दाखवून अर्धा खाली काढायला लावला.

सोमवारी डॉक्टर नळी घेऊनच आले. "जेवतात म्हणता? मग खाऊन दाखवू द्या."

चमचा पुढे गेला आणि आबांचे दात बंद. मी टॉवेल टाकला. "डॉक्टरसाहेब, हात घाला."

"कुठं?"

"टॉवेलाखाली."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "बराबर है. घाला."

डॉक्टरांनी हात घातला आणि गुदगुल्या झाल्यासारखे उडाले. "अहो, हे तीन बोटं दाबताहेत!"

"तीन घास म्हणताहेत," मी म्हटलं. "तुम्ही आठ मागा. आणि बिलकुल हो म्हणू नका!"

"आठ!" डॉक्टर मोठ्यानं म्हणाले.

आबांनी हातच काढून घेतला. सगळ्यांसमोर भाव फोडला होता ना.

"तोंडानं न्हाई हो साहेब, बोटानं!" वहिनी ओरडल्या.

डॉक्टरांनी आबांची हात जोडून माफी मागितली आणि पुन्हा टॉवेलाखाली हात घातला. बराच वेळ दोघंही छताकडे बघत बसले. डॉक्टरांच्या भुवया वर-खाली होत होत्या. शेवटी आबांनी मान हलवली आणि आ केला. पाच घास, बनियनवर एक शीत नाही. डॉक्टरांनी नळी पिशवीत टाकून चेन लावली, तेव्हा मी पदराआड देवाला हात जोडले.

मग ते कागद काढून म्हणाले, "रोज दोन्ही वेळेला किती द्यायचं ते लिहून देतो. किती लिहू?"

मी घाबरत म्हटलं, "ते आबांनाच विचारायला लागेल."

डॉक्टरांनी उजव्या हातात पेन धरलं आणि डावा मुकाट्यानं टॉवेलाखाली घातला.