न घेतलेलं टेबल

टेबल सागवानी होतं. उजव्या हाताला तीन कप्पे, खाली पाय टेकवायला आडवी पट्टी, आणि वरच्या फळीच्या एका कोपऱ्यात शाईचा जुना डाग. फोटोत त्याच्यावर खिडकीतलं ऊन पडलेलं होतं. जुन्या वस्तू विकण्याच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि पुढचे चार दिवस बसमध्ये, मेसच्या रांगेत, जिथं उभी असेन तिथं तोच फोटो उघडून बघत राहिले.

घ्यायचं असं मनात नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते बघता कुणाला खरं वाटणार नाही. जुळे सोलापुरात आम्ही तिघी मुली एका खोलीत भाड्यानं राहतो. तीन कॉट टाकल्यावर मधे जी जागा उरते तिथून अंग चोरून जावं लागतं. मी कॉटवर मांडी घालून बसते, पुढ्यात पत्र्याची पेटी घेते आणि तिच्यावर वही ठेवून लिहिते. दहावी-बारावीही अशीच झाली, फक्त तेव्हा पेटीच्या जागी पेंडीचं पोतं असायचं. टेबलापाशी बसून अभ्यास केलेलं आमच्या घरात कुणी नाही. कॉलेजात जाणारीही मीच पहिली. त्यामुळे ते टेबल नुसतं बघायलाही बरं वाटायचं.

आमची मंगळवेढ्याच्या बाजूला शेरडं-मेंढरं आहेत. लहानपणी मी अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, जनावरांच्या आठवडी बाजाराला जायचे. घ्यायचं किंवा विकायचं एखादंच जनावर असायचं, पण अण्णा अख्खा बाजार फिरून भाव विचारायचे. एखादी शेळी नजरेत भरली की थांबायचे. "कितीला?" समोरचा आकडा सांगायचा. अण्णा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी बोलायचे. समोरचा हसायचा. "पावनं, सकाळ सकाळ मस्करी करायलाय व्हय?" मग अण्णाही हसायचे, शेळीच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि पुढे जायचे. त्यांच्या त्या आकड्याला भाव म्हणून कुणी धरत नसे. थांबलो, बघितली, चांगली आहे, एवढं सांगायची ती रीत होती. मी त्याच रीतीत वाढले आणि ती सगळीकडे चालत असेल असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी टेबलाच्या मालकीणबाईंना मेसेज केला. मला अर्ज लिहिल्यासारखंच लिहिता येतं. "नमस्कार मॅडम. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. आपले टेबल पाहिले. फार सुंदर आहे." इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नुसतं कौतुक करून निघून जाणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून खाली एक आकडा लिहिला. त्यांनी मागितलेल्या किमतीचा तो तिसरा हिस्साही नव्हता. त्या हसतील, नाही म्हणतील, आणि विषय संपेल असा माझा अंदाज होता.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "चालेल बाळा. टेबल तुझं."

मी जर्नलमध्ये आकृती काढत होते. पेन्सिल तशीच हातात राहिली. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. कॉलेजात कुणी मोठं माणूस काही बोललं की माझ्या तोंडून आपोआप "हो सर", "हो मॅडम" निघतं, मग समजलेलं असो वा नसो. बोटांनाही तेच वळण लागलेलं. मी लिहिलं, "धन्यवाद मॅडम."

पहिली चूक अजाणतेपणी झाली होती. ही दुसरी मात्र मी उघड्या डोळ्यांनी केली.

लगेच त्यांचा मोठा मेसेज आला. आधी तिघांनी विचारलं होतं, त्या सगळ्यांना टेबल गेलं असं कळवते. सगळे नुसतं 'लास्ट किती' विचारत होते, तू एकटीच नीट बोललीस. माझ्या मुलाचं आहे ते, इंजिनिअर होईपर्यंत त्यानं याच्यावरच अभ्यास केला. यांना आता जिना चढवत नाही, म्हणून आम्ही तळमजल्यावरच्या लहान घरात जाणार आहोत... असं बरंच काही होतं आणि शेवटी लिहिलं होतं, "शिकणाऱ्या मुलीकडे जातंय, मला फार आनंद झाला. रविवारी ये."

खोलीतल्या दोघींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. एक नर्सिंगला आहे, अक्कलकोटकडची. ती म्हणाली, "आण की. टेबल आत, तू बाहेर जिन्यात. घरमालकीण चहा देईल तुला तिथं." आमची घरमालकीण जिन्यात बादलीसुद्धा ठेवू देत नाही. दुसरी म्हणाली, "ब्लॉक कर. ऑनलाइन असंच असतं गं, कोण घरी येतंय विचारायला?"

मी दोनदा बोट तिथपर्यंत नेलं. पण त्यांचा 'फार आनंद झाला' तिथंच वर दिसत होता. मग आजारी आहे असं लिहिलं आणि पुसलं. गावी जावं लागतंय असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी अण्णांना फोन लावला. ते मेंढरांमागे होते, फोनमधे नुसता वारा.

"अण्णा, माझ्या हातून एक सौदा झालाय."

"कसला सौदा? काय इकलंस?"

"विकलं नाही. घेतलंय. टेबल."

सगळं सांगितलं. आधी ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "आन् दिलं व्हय तिनं तेवढ्याला? मला उभ्या जन्मात कुणी न्हाय दिलं गं!" मग एकदम थांबले. "बाकीची गिऱ्हाइकं माघारी लावली का तिनं?"

"तिघं."

त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाले, "मग हे फोनवर मोडू नको."

"नीट माफी मागते ना. मेसेज करते."

"न्हाय. बोललीस लांबनं, ते ऱ्हाऊ दे. मोडायचं ते समोर जाऊन. आन् मोडणाऱ्यानं दुसरं गिऱ्हाईक येईस्तोवर तितं दावं धरून हुबं ऱ्हायचं. तुला आठवत न्हाय व्हय?"

आठवत होतं. एकदा दुपारभर उन्हात अण्णा एक काळी शेळी दाव्याला धरून उभे होते आणि मला वाटलं होतं की ती आपली झाली. संध्याकाळी ती दुसराच कुणी घेऊन गेला. मी रडले होते. का उभे होते ते मला त्या फोनवर कळलं.

"मी येतो रविवारी," अण्णा म्हणाले. "पन बोलायचं तू. मी नुसता बसनार."

रविवारी ते सकाळच्या एसटीनं आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात आईनं दिलेलं भाकरी-चटणीचं गाठोडं. मालकीणबाईंचं घर आमच्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर होतं. अण्णांनी चपला खालच्याच पायरीवर काढल्या. "अण्णा, वर काढायच्या," मी म्हणाले. ते परत घालून आले.

दार उघडणाऱ्या बाई माझ्या मनात होत्या तशा कडक नव्हत्याच. सुती गाऊनवर ओढणी, कपाळाला पीठ लागलेलं. "मॅडम काय म्हणतेस, काकू म्हण," म्हणाल्या आणि आम्हाला थेट टेबलापाशीच नेलं. टेबल पुसून ठेवलं होतं. तिन्ही कप्प्यांत नवे कागद अंथरले होते. वर एक पेनस्टँड होता. "हा त्याच्याबरोबर," काकू म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चहा आला. अण्णांनी कबूल केल्याप्रमाणे गप्प बसायचा प्रयत्न केला, पण लाकूड दिसल्यावर त्यांचा हात राहीना. त्यांनी फळीवर दोन बोटं आपटली, खाली वाकून पाय बघितले.

"ताई, सागवान हाय की हे."

"हो ना. यांनी सांगून करून घेतलं होतं."

"मग एवढ्याला कशापायी द्यायलाय? फसायलाय तुमी."

"अहो भाऊ, तुमच्याच मुलीनं भाव केलाय!"

"तिला काय कळतंय? लेकरू हाय ते. तुमाला कळाय नगं?"

काकू इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत सांडला. मीही हसले असते. पण आणखी थोडा वेळ गेला तर मला बोलता येणार नाही आणि टेबल खरंच घरी न्यावं लागेल, हे मला कळत होतं.

"काकू, मला टेबल घ्यायचं नाही."

फार मोठ्यानं निघालं ते. काकूंनी कपबशी खाली ठेवली.

"म्हणजे? महाग वाटतंय?"

"नाही. जागाच नाही माझ्याकडे. मला माहीत होतं. मी नुसतंच विचारलं. आमच्याकडे बाजारात तसं विचारतात. तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं."

"मग धन्यवाद का लिहिलंस?"

"सवयीनं," मी म्हणाले.

काकू उठल्या. टेबलाचा वरचा कप्पा त्यांनी उघडला आणि परत लावला. "मी त्याला सांगितलं फोनवर. मुलाला. म्हटलं, तुझं टेबल एका मुलीला दिलं, अभ्यासू आहे." त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. तोंड उघडायचं नाही, हे ते आता खरंच पाळत होते.

"काकू, ते तिघं माझ्यामुळे परत गेले. त्यांना मी फोन करते. कुणीतरी घेईपर्यंत इथंच थांबते."

"इथंच थांबते म्हणजे?"

आता अण्णांना राहवलं नाही. त्यांनी बाजारातली रीत सांगितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलाकडे बघितलं.

"पण भाऊ, टेबलाला दावं कुठाय?"

"पाय धरंल की."

काकूंच्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं. त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

पहिल्यानं दुसरं टेबल घेतलं होतं. दुसऱ्यानं फोन उचलला नाही. तिसरे चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते, रविवार असल्यानं घरी सापडले. ते वैतागले. "परवा दिलं म्हणता, आज हाय म्हणता. मस्करी चाललीय काय?"

काकू ऐकत होत्या. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी घेते म्हणाले आणि मागं फिरले. या काकूंची काही चूक नाही."

"टेबलात खोट हाय का काही?"

"नाही. माझी खोली लहान आहे."

त्यांनी घरात कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाले, "दोन वाजता येतो."

अजून तीन तास होते. काकूंनी भात-आमटी केली, अण्णांनी गाठोडं सोडलं आणि शेंगाच्या चटणीवरून दोघांचं लांबलचक बोलणं झालं. आईच्या चटणीत लसूण जास्त आहे, असं काकूंचं मत पडलं. "तिच्या म्होरं बोलू नगा," अण्णा म्हणाले. आतल्या खोलीतून काकांनी आवाज देऊन आणखी अर्धी भाकरी मागवली.

मी उभीच होते. "अगं, बस तरी त्याच्यापाशी," काकू म्हणाल्या. जर्नल पिशवीत होतं. मी बसले. दोन्ही कोपरं टेकवूनही फळी उरत होती. पाय कुठं ठेवायचे ते आधी कळेना, मग खालची पट्टी सापडली. पेशीची आकृती मी तिथं पुरी केली. माझ्या सगळ्या जर्नलमधे तेवढी एकच आकृती सरळ आलेली आहे.

दोन वाजता ते गृहस्थ आले. बरोबर नववीतली मुलगी होती. बापलेक आपसात तेलुगूत बोलत होते. मुलीनं मधला कप्पा तीन वेळा ओढून बघितला आणि वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. किमतीवर फार बोलणं झालं नाही. अण्णा मागून हळूच, "ताई, जरा वाढवून सांगा की," म्हणत होते, पण काकूंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पेनस्टँड त्यांनी त्या मुलीला दिला. मग टेबल तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं. पुढून ते गृहस्थ, मागून अण्णा आणि कप्पे उघडू नयेत म्हणून बाजूनं मी. छोट्या टेम्पोत चढवताना ते गृहस्थ मला म्हणाले, "ताई, तुमी खोली मोठी झाल्यावर घ्या." त्यात टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून कळलेलं नाही.

पिशवी घ्यायला मी एकटी वर गेले. काकू त्या खोलीत उभ्या होत्या. टेबल होतं तिथं फरशीवर चार पायांचे डाग उरले होते.

"मी रागावले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"दर रविवारी येत जा. डायनिंग टेबल दिवसभर मोकळंच असतं. तिथं बसून कर अभ्यास."

"हो काकू" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते तिथंच धरलं. "दर रविवारी नाही जमणार मला," मी म्हणाले. "जर्नल असतात, आणि एखाद्या रविवारी मी गावी जाते. पण येईन. आधी फोन करून येईन."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "खरंच येशील, की हेही आपलं बाजारातलं?"

"खरंच."

खालून अण्णांची हाक आली, "चल गं, एसटी जाईल."

त्यानंतर मी पाच रविवार तिकडे गेले आहे. दोन रविवारी येत नाही म्हणून कळवलं. दोन्ही वेळा कारण दिलं नाही, आणि दोन्ही वेळा काकूंचं उत्तर एका शब्दाचं होतं. "बरं."