जेली डे आणि आत्तींचा बत्ता

आत्तींनी पोटच्या पोराचा हात लोखंडी बत्त्यानं मोडला होता.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आज पहाटे गेल्या.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर सगळे लिहितायत. किती शांत, किती धार्मिक, मुंगीलासुद्धा कधी दुखवलं नाही.

खरं आहे. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय घोटभर प्यायल्या नाहीत. दिवस मावळल्यावर तोंडात कण नाही. साखरेला मुंग्या लागल्या तर डबा उघडा करून अंगणात ठेवायच्या. "जातील गं आपल्या आपण."

पण बत्त्याचं कुणी लिहिणार नाही. म्हणून मी लिहिते.

माझी श्रुती तेव्हा यूकेजीला होती. निपाणीतलीच इंग्लिश मीडियम शाळा. डायरीत मॅडमनी चिठ्ठी चिकटवलेली: शुक्रवारी जेली डे. लाल कपडे घालायचे, घरून लाल जेली आणायची.

आमच्या सात पिढ्यांत कुणी जेली केलेली? पण पोरगी नुसती नाचत होती. "मम्मी, माझी जास्त हलली पाहिजे हं!"

बाजारातनं स्ट्रॉबेरीचं पाकीट आणलं. गरम पाण्यात ढवळलं, काचेच्या वाडग्यात ओतलं, फ्रीजमध्ये ठेवलं. घाईत पाकिटावरचा ठिपका बघितलाच नाही.

हिरवा नव्हता. तपकिरी होता. आत जिलेटिन. म्हणजे जनावराची हाडं, कातडी.

जैनाच्या घरात! चूक माझीच, शंभर टक्के.

श्रुतीच्या बापानं कट्ट्यावरचं पाकीट उचललं. वाचलं. पिऊन आलता.

"हाडं घातलीस व्हय माझ्या घरात?"

कोण म्हणतंय हे? जो दर शनिवारी कोल्हापूर रोडच्या ढाब्यावर तांबडा रस्सा ओरपून यायचा. शर्टावरचे डाग मीच घासायचे.

त्याला नुसतं निमित्त लागायचं. भाजीत मीठ कमी, दे कानाखाली. फोन उचलायला उशीर, दे कानाखाली. सहा वर्षं हेच चाललेलं.

त्यानं केसाला धरलं आणि माझं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. खाली पडले तर पोटात लाथ. मग पट्टा काढला, बकलाच्या बाजूनं. वाडगा उचलून भिंतीवर मारला. अर्धी गोठलेली जेली आणि काचा, सगळं माझ्या अंगावर.

श्रुती टेबलाखाली. कानांवर हात. रडत पण नव्हती.

तेच मला सगळ्यात जास्त लागलं. पाच वर्षाच्या पोरीला सवय झालती ह्याची.

पलीकडच्या खोलीत आत्ती जपाला बसलेल्या. रोज त्याच वेळी बसायच्या. मध्ये एका विटेची भिंत, दाराला पडदा.

खोटं कशाला बोलू? मला पट्ट्यापेक्षा त्या भिंतीचा राग जास्त होता. सहा वर्षं ही बाई सगळं ऐकते आणि माळ ओढते? सकाळी गुपचूप येऊन माझ्या वळांना हळद लावायच्या. तोंडातनं एक शब्द नाही. असली कसली अहिंसा, असं मनात यायचं.

त्या दिवशी पडदा सरकला.

हातात खलातला बत्ता.

पहिला घाव मनगटावर. कट्टकन आवाज आला, पट्टा खाली पडला. दुसरा कोपरावर.

"आई, अगं मी हाय मी!"

"दिसतंय मला. आंधळी न्हाय."

तिसरा खांद्यावर. आत्तींचं वजन चाळीस किलो असेल नसेल. एवढा थोराड गडी भुईवर लोळायला लागला.

"हाडासाठी मारतोस व्हय रं मुडद्या? थांब, तुझी हाडं मोजून मोडतो."

आयुष्यातली पहिली शिवी. मी ऐकलेली तरी पहिलीच.

"घर माझ्या नावावर हाय. ऊठ. हितं परत पाऊल टाकलास तर दुसरा हात पण ऱ्हाणार न्हाय."

गेला. डॉक्टरला सांगितलं, गाडीवरनं पडलो. बायकोला मारायची लाज नव्हती, आईचा मार खाल्ल्याची होती. परत आला नाही.

मग भावकी आली. "आक्का, जैनाची बाई तू. पोटच्या पोरावर हात उचललास?"

आत्तींनी सगळ्यांना ताक दिलं. "पिऊन जावा," म्हणाल्या. विषय संपला.

माझ्या भुवईला चार टाके. शुक्रवारी आत्तींनी स्वतः चायना ग्रासची, हाडं-कातडी नसलेली जेली केली. दगडासारखी घट्ट, हलायचं नाव नाही. श्रुती तीच घेऊन ऐटीत गेली.

तेव्हापासून दर वर्षी, बत्ता उचलला त्या तारखेला, आत्ती निर्जळ उपास धरायच्या. पाण्याचा थेंब नाही.

मला वाटायचं, पोराला मारल्याचं प्रायश्चित्त करतायत. अशी चीड यायची! म्हणजे मला वाचवलं ते पाप झालं होय? पण विचारायची छाती झाली नाही. श्रुती आता नववीला आहे. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि मी हा राग सोडला नाही.

परवा विचारलं. आत्ती अंथरुणाला खिळलेल्या.

"आत्ती, त्याला मारल्याचा पस्तावा हाय तुम्हाला?"

"त्येचा कशाला?" डोळे मिटूनच बोलल्या. "त्येच्यासाठी एक दिस उपास न्हाय धरला मी."

"मग कशासाठी?"

आत्तींनी डोळे उघडले.

"सहा वर्षं भिंतीआड ऐकत बसलो गं. माळ हातात धरून. त्येच्यासाठी."

आणि हात जोडले. सासूनं, सुनेला.

"मला क्षमा कर."

हेच मला ऐकायचं होतं. लग्न झाल्यापासून ऐकायचं होतं. आणि मागितली तेव्हा माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. नुसती त्यांचे पाय चेपत बसले. म्हटलं, उद्या बोलू निवांत.

काल दिवसभर त्या शुद्धीवर नव्हत्या.

आत्ती, केली क्षमा. मनापासनं केली.

उशीर मी पण केला.

सुखानं जावा.